उलव्यात नाईलचा पूर

शाळेचं प्रोजेक्ट आठवड्याभरात भंगारात जातं, किस्से मात्र घरातच साठतात. आमच्याकडे तर माळा भरेल इतके! यंदा पाचवीतल्या इराला विषय मिळाला, 'प्राचीन इजिप्तमध्ये शेती कशी सुरू झाली'. मॉडेल करायचं आणि परीक्षकांसमोर बोलायचंही. गेल्या वर्षी ती 'गुड मॉर्निंग' म्हणाली आणि तिथेच थांबली. त्यामुळे टेन्शन. तिला नाही, मला!

*

ट्रेमध्ये माती, मधोमध निळी नाईल आणि काठाला खरे गहू पेरले. उगवायला हवेत म्हणून मी तासातासाला पाणी घालत होते. तिसऱ्या दिवशी ट्रेला आंबूस वास!

इरा म्हणाली, "आई, नाईलला पूर वर्षातून एकदाच यायचा. तू दर तासाला येतेस!"

*

डब्यातले दुसरे गहू पेरले. कोंबच येईना. चांगली आई असण्याबद्दल मला शंका होतीच, आता माळीकामाबद्दलही आली. शेवटी घरमालकीण हिराकाकींना बोलावलं. उलव्यातल्याच त्या, नव्या शहरासाठी सरकारने जमीन घेईपर्यंत खाडीकाठी भातशेती केलेल्या. दाणा चिमटीत धरून म्हणाल्या, "अगो, ह्ये तर सडलेलं गहू हायत!"

"परत सडले? आता तर बेतानेच पाणी घातलं!"

"कुजलेलं नाय गो, कांडलेलं! साल काढलेली हाय. यांची खीर होते, शेती नाय!"

*

इरा पाठ करत होती, "पूर यायचा, गाळ साचायचा, लोक खूश व्हायचे..."

काकी उसळल्या. "पूर आला न् खूश? येडी हायत का? आमचे शेतान खाडीचा खारा पानी शिरला का तीन वरसं भात नाय!"

मग जरा विचार करून म्हणाल्या, "त्यांचा पूर गोडा असंल."

*

आदल्या दिवशी मी हळूच विचारलं, "बोलताना घाबरलीस तर काय करशील?"

"तुझ्याकडे बघणार नाही!"

*

प्रदर्शनाला काकीही आल्या. काकींनी दिलेल्या बियाण्याचे गहू बोटभर उगवले होते. इरा घडाघडा बोलली! मी श्वास सोडणार, तोच परीक्षकबाईंनी पाठांतरात नसलेला प्रश्न विचारला, "मग त्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं?"

इराने मागे उभ्या काकींकडे पाहिलं.

"त्यांची जमीन सरकारने घेतली," इरा ठामपणे म्हणाली. "बदल्यात साडेबारा टक्के जमिनीचा प्लॉट मिळाला. त्यावर त्यांनी बिल्डिंग बांधली!"

तेवढ्यात मागून काकींचा खणखणीत आवाज आला,

"आन् त्यांना तरी टायमावर मिलाला का, जरा इचारा!"