धवळारीण एका जागी बसत नाय, हे मी कसं विसरलो?

मंडळी, डोकं बधिर झालंय, तरी लिहितोय.

माझी आत्या धवळारीण. सापगावातली लग्नं तिच्या गाण्यांनी, म्हणजे धवळ्यांनीच लागतात. सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

म्हणून आज घरी बहिणीच्या हळदी-लग्नात सगळे धवळे रेकॉर्ड करायचे ठरवले. कल्याणच्या दुकानात दोन माइक होते. एक स्वस्तातला, चारी बाजूंचं ऐकणारा. दुसरा महाग, फक्त समोरचा आवाज घेणारा. मी शहाणा, महागडा आणला आणि आत्याच्या पाटासमोर ठेवला.

पहिल्याच धवळ्याला आत्या उठली. नवरीमागे, चुलीपाशी, मांडवाच्या दारात गात फिरली. लहानपणापासून बघतोय, ती कधी बसून गायलीय?

आत्ता कॉम्प्युटरवर ऐकलं. रिकाम्या पाटामागे कोंबडा स्वच्छ आरवतोय. आत्या कुठेतरी लांब.

हात जोडले, "आत्या, परत गा ना."

"हळद लागली, लगीन लागून सासरी पण गेली ना रे ती. आता कुणासाठी गाऊ? धवळा नवरीसाठी असतो, तुझ्या डब्यासाठी नाय. नवरी असंल तिथं गाईन."

उरला फक्त उद्याचा रविवार. स्वस्तातला माइक मी कुठूनही आणतो. आसनगावपासून म्हशापर्यंत, उद्या कुणाच्या घरी हळद आहे का हो?