मधली वीस मिनिटं

"बस दोन मिनिटं. आता सासू जिन्यावरून पडते, मंग तुले खोली दाखवतो."

बेबीकाकूंचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. शाळेची बदली होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले होते आणि जठारपेठेत भाड्याची खोली शोधत फिरत होते. मी दचकून त्यांच्या घरातल्या जिन्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. टीव्हीवर मात्र जरीची साडी नेसलेली एक बाई मोठ्या तोऱ्यात पायऱ्या उतरत होती. काकूंनी बोट वर केलं, "हां, आता," म्हणाल्या, आणि ती बाई गडगडत खाली आली. मग काकू समाधानानं उठल्या, पदर खोचला आणि किल्ली घेतली. "पंचवीसेक वेळा त् पाह्यलं असन मी तिले पडताना," जिना चढता चढता त्या मला सांगत होत्या, "पन दरवेळेस बरं वाटते."

खोली मला आवडली, पण खरं सांगायचं तर ती मी पाहिलीच नाही नीट. मला घरमालकीण आवडली होती.

काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पायातले बूट कायमचे काढून टाकले, आणि दुसरी म्हणजे जुने पिक्चर आणि जुन्या मालिका पुन्हा पुन्हा पाहायला घेतल्या. पूर्वी टीव्हीवरून कॅसेटींवर भरून ठेवलेलं सगळं मुलानं पुण्याला नेऊन पेनड्राइव्हवर उतरवून आणलं होतं. मधल्या जाहिराती, बातम्या, 'व्यत्यय'ची पाटी, सगळं जसंच्या तसं. जाहिराती काढू का, असं त्यानं विचारलं तर काकू म्हणाल्या, "काही हात लावू नको. त्या साबनाच्या जाहिरातीत मी चहा ठेवतो."

हे थट्टेत नव्हतं. काकूंचा सगळा स्वयंपाक पिक्चरच्या हिशेबानं चाले. वकील उलटतपासणीला उभा राहिला की कुकर लावायचा, निकाल लागेपर्यंत तीन शिट्ट्या होतात. नायिकेच्या बापाला झटका आला की कणीक भिजवायची. तलाठ्याच्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं की दुधाखालचा गॅस बारीक. घड्याळाकडे त्या बघत नसत. पिक्चरचं नावही त्या कधी घेत नसत, प्रत्येकाला त्यांनी आपलं नाव ठेवलं होतं. एक 'आंधळ्याचा', एक 'घोडा मरते तो', एक 'पोलीस भावाचा'. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, ही नावं पाठ होती. काका बोलत कमी. रिमोट त्यांच्या हातात असे, हुकूम काकूंचा.

एकदा मी म्हटलं, काकू, शेवट माहीत असताना काय मजा येते हो? नवीन काहीतरी पाहा ना.

"नवीन पिक्चर म्हंजे लोकाच्या लग्नात अनोळखी पंगतीत बसनं," काकू म्हणाल्या. "कोन कोनाचा कोन हाये तेच समजत नाई, अन् जेवन संपते. आन् हे पाय, कोन मरनार हाये ते एकदाचं मालूम झालं ना, की बाकीचं सगयं शांतपने पाह्यता येते. मी तीस वर्स वार्डात तेच केलं."

आणि त्या खरोखर बाकीचं सगळं पाहत. नायक-नायिका बागेत असले की काकूंची नजर मागच्या माळ्यावर. कोर्टातल्या गर्दीत छत्री घेऊन बसणारा एक सुकडा माणूस त्यांना तीन वेगवेगळ्या पिक्चरांत सापडला होता. तो दिसला की त्या पाहुणा आल्यासारख्या खूश होत. "हिरोले त् सगयेच पाह्यतात, त्या मागच्यायले कोन पाह्यन?" असं म्हणत त्या मलाही शेजारी बसवत, आणि वह्या तपासायच्या सोडून मीही मागचे लोक मोजत बसे. त्या दोन वर्षांत मला जेवढा निवांतपणा मिळाला तेवढा आधी कधी मिळाला नव्हता.

सगळ्यांत लाडका होता तो 'दोन बहिणींचा'. कृष्णधवल, मराठी. आई नसलेल्या दोघी. थोरली धाकटीला वाढवते, पुढे धाकटी रागाच्या भरात तिला नको ते बोलते, आणि थोरली तिच्या तोंडावर दार लावून घेते. दार लागतं आणि तिथेच टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या येतात. कॅसेट भरताना नेमकी तेव्हाच लाइन गेली होती. वीस मिनिटांनी आली, तर दोघी बहिणी कुणाच्यातरी लग्नात एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या.

मधली ती वीस मिनिटं काकू तोंडानं सांगत. काका रिमोटनं थांबवत आणि काकू मांडी घालून सुरू करत. धाकटी दिवसभर ओट्यावर उपाशी बसून राहते. हटत नाही. शेवटी थोरलीलाच राहवत नाही, ती आपणहून दार उघडते, तिच्याजवळ येऊन बसते आणि म्हणते, माझंच चुकलं गं. सांगताना काकूंचा आवाज जड होई. हा पिक्चर त्यांनी थेटरात पाहिला नव्हता. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, अमरावतीला तो पाहिला आणि घरी येऊन त्यांना अथपासून इतिपर्यंत सांगितला होता. त्यामुळे लाइन गेली तरी काकूंचं काही अडलं नाही.

"पाह्यलं? मोठ्या मानसानं दार उघडा लागते," गोष्ट संपली की काकू म्हणत. "पिक्चरमधीच हाये."

हे त्या कुणाला ऐकवत होत्या ते मला हळूहळू कळलं. अक्का तिवशाला राहत होत्या, आणि दोघी बहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण होतं काकूंच्या मुलाची लग्नपत्रिका. बौद्ध घरातल्या पत्रिकेत गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' छापतात. ते छापायचं होतं काकूंच्या सासऱ्यांच्या नावाआधी. ते एक ओळ खाली सरकलं आणि अक्काच्या यजमानांच्या नावाआधी जाऊन बसलं. भाऊजी तर ठणठणीत होते, स्कूटरवर फिरून तिवशात त्याच पत्रिका वाटत होते. अर्ध्या पत्रिका वाटून झाल्यावर एकानं त्यांना थांबवून विचारलं, "गुरुजी, तुमी कधी गेले?" दुसऱ्या दिवशी दोन गावांहून माणसं भेटायला आली. भाऊजींनी त्यांना चहा पाजला. पण अक्काला हसू आलं नाही. जिवंत माणसाला मेलेला छापला, म्हणाल्या, आणि लग्नाला आल्या नाहीत. काकू म्हणाल्या छापखान्यावाल्याची चूक, त्यात मी काय करू. तेव्हापासून बोलणं बंद.

"प्रूफ हिनंच वाचलं होतं," एकदा काकू बाजारात गेल्या असताना काका मला हळूच म्हणाले. "समोर पिक्चर लागला होता. अर्धा डोया पत्रिकेत, दीड डोया टीव्हीत. पन सांगते का कोनाले! रोज वाट पाह्यते अक्काच्या फोनची, अन् म्हन्ते मोठ्यानं दार उघडा लागते." सत्तरीला आलेली धाकटी आणि तिच्याहून सात वर्षांनी मोठी थोरली. वाट पाहायला आणखी किती वेळ उरला होता, हे नर्स असलेल्या बाईला मी काय सांगणार?

काकूंच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी एक उद्योग केला. फोनवर शोधता शोधता मला तो 'दोन बहिणींचा' सापडला होता. स्वच्छ प्रत, आणि अख्खा. केक कापून झाल्यावर मी तो टीव्हीवर लावला आणि म्हटलं, काकू, आज मधली वीस मिनिटं पाहायची. काकू लहान मुलीसारख्या हरखल्या. मला उगीचच मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

दार लागलं. मुंग्या आल्या नाहीत. धाकटी ओट्यावर बसली. काकू ओठांतल्या ओठांत पुढचं म्हणत होत्या. संध्याकाळ झाली, दार उघडलं नाही. रात्र झाली, तरी उघडलं नाही. मग धाकटी उठली, घराला वळसा घालून मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात शिरली, चुलीपुढे बसलेल्या बहिणीचे पाय धरले आणि म्हणाली, माझं चुकलं, ताई. थोरलीनं तिला उठवलं. पुढचा सीन लग्नाचा.

"हा दुसरा पिक्चर हाये," काकू म्हणाल्या.

मी फोनवर पिक्चरचं नाव पुन्हा वाचलं. तोच होता.

"मांगं घ्या."

काकांनी मागे घेतलं. तीन वेळा पाहिलं. तिन्ही वेळा धाकटीच मागच्या दारानं आत गेली. स्वयंपाकघरात कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, काकूंना एकही ऐकू आली नाही, शेवटी मी जाऊन गॅस बंद केला. माझा चेहरा उतरला होता. साठेक वर्षं जपलेली गोष्ट मी वाढदिवसाच्या दिवशी मोडून ठेवली होती. मी म्हटलं, घरी येईपर्यंत अक्का शेवट विसरल्या असतील हो काकू, एवढी मोठी गोष्ट.

"अक्का विसरनारी बाई नाई. तिले अजून साऱ्या नातलगायच्या जन्मतारखा पाठ हायेत," काकू म्हणाल्या. मग त्यांनी काकांच्या हातातला रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. "तिनं बदलला. कावून बदलला असन?"

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सहाला काकू माझ्या दारात उभ्या होत्या, इस्त्रीची साडी, हातात पिशवी. "चाल, तिवशाले जाऊ. मले तिले इचाराचं हाये." माफीबिफीचा विषय नव्हता. फक्त पिक्चरचं विचारायचं होतं, हे त्यांनी अमरावतीपर्यंत मला चार वेळा सांगितलं. अमरावतीला बस बदलली. तिवशाच्या अलीकडची मोझरी मागे पडल्यावर काकू म्हणाल्या, "दार लावून घेतलं त्?" मी म्हटलं, मागच्या अंगणातून जाऊ. तेव्हा कुठे हसल्या.

दार उघडंच होतं. भाऊजी ओसरीत पेपर वाचत बसले होते. काकूंना पाहून त्यांनी चष्मा वर केला. "ये बेबे, ये. घाबरू नको, मी अजून हावो," म्हणाले, आणि आत तोंड करून ओरडले, "अवो, पाहा कोन आलं!"

अक्का बाहेर आल्या. काकूंपेक्षा बुटक्या, पाठीत वाकलेल्या, नाक मात्र तेच. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. आता काकू रडणार असं मला वाटलं. पण त्या एकदम कडाडल्या.

"तू मले खोटा पिक्चर कावून सांगतला वं?"

अक्का गोंधळल्या. मग काकूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोन बहिणी, दार, ओटा, चूल, आणि धाकटीनं धरलेले पाय. ऐकता ऐकता अक्का खाटेवर टेकल्या.

"तुले आठवत नाई?" त्या म्हणाल्या. "तुया डोक्यात उवा झाल्या होत्या. मी तुया वेन्या कापून टाकल्या, अन् दुसऱ्या दिवशी शायेत फोटो होता. तू दोन दिवस जेवली नाई. गच्चीवर जाऊन बसली, खालीच ये ना. मले वाईट वाटे, पन तुयासमोर मले तोंडातून शब्द काढता येत नव्हता. मंग मी पिक्चर पाहून आली, अन् गच्चीवर येऊन तुले सांगतला. मले माफी मागता येत नव्हती, बेबे. मी त्या पिक्चरमधल्या बहिनीले मागाले लावली."

भाऊजींनी पेपर घडी करून ठेवला. काकू अक्काशेजारी बसल्या. बसल्या तशा एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"पत्रिका मीच तपासली होती, अक्का," त्या म्हणाल्या. "छापखान्यावाल्यानं काही केलं नव्हतं. मीच पाह्यलं नाई नीट. माह्यं चुकलं."

अक्कांनी बहिणीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"मले नऊ वर्सापासून मालूम हाये. तुया डोया टीव्हीत असन," त्या म्हणाल्या. "कोनता पिक्चर लागला होता?"

"पोलीस भावाचा."

"तो नाई पाह्यला मी."

काकूंनी डोळे पुसले, पाय वर घेऊन खाटेवर मांडी घातली आणि अगदी पहिल्या सीनपासून सांगायला सुरुवात केली.