काळ्या मोटारीवरची जाळी

जयराम गेल्याची बातमी मला शाळेत कळली. सहावीचा भूगोलाचा तास चालू होता आणि त्याचा मेहुणा वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती. तो काही बोलण्याआधीच मला समजलं होतं; तरी मी बाहेर गेलो, त्याने हळू आवाजात सांगितलेलं ऐकलं, आणि पुन्हा आत येऊन खडू उचलला. तास संपायला थोडा वेळ होता. तेवढा वेळ मी मुलांना गोदावरीच्या उपनद्या सांगत राहिलो. का, ते मला अजून सांगता येत नाही. घंटा झाली तेव्हा मुलं उठली, मी मात्र फळ्याकडे तोंड करून उभा होतो... या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

जयराम परब हे नाव वाचकांच्या ओळखीचं असण्याचं कारण नाही. घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला एक मोटारींचं गॅरेज आहे, तिथे तो रंगाचं आणि पॉलिशचं काम करी. आम्ही एकाच चाळीत, एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. मी पुढे शिकत गेलो आणि मुलुंडच्या एका शाळेत शिक्षक झालो. तो गॅरेजात गेला. मी शिक्षक व्हायच्या किती तरी आधीपासून तो मला मास्तर म्हणत असे, कारण माझ्या हातात सदा पुस्तक. रविवारी मी गॅरेजवर जाऊन एका उलट्या खोक्यावर इतिहास वाचत बसे आणि तो काम करी. "काय रे मास्तर, आज कुठल्या राजाला मारलंस?" असं तो मान वर न करता विचारायचा. मी राजाचं नाव सांगितलं, की "बरं झालं, मेल्याने लोकांना फार छळलं असणार," एवढा शेरा मारून पुन्हा फडकं चालू. माझ्या आयुष्यातले सर्वांत शांत रविवार ते.

त्यातल्याच एका रविवारी त्याने मला जाळी दाखवली. मुलुंडच्या एका डॉक्टरांची काळी विलायती मोटार कामाला आली होती. मला ती उत्तम चकचकीत दिसत होती. जयरामने ती ढकलून उन्हात आणली आणि बॉनेटपाशी मला उभं केलं.

"काय दिसतंय?"

"सूर्य."

"सूर्य आंधळ्यालाही कळतो रे! त्याच्या भोवती बघ."

मी वाकून बघितलं. काळ्या रंगात पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती केसाएवढे बारीक, गोल गोल ओरखडे होते, शेकडो, कोळ्याने जाळं विणावं तसे. "गडी रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसतो ना, त्याची मेहेरबानी," जयराम म्हणाला. "धूळ फडक्यात, फडकं रंगावर. मालक खूश, गडी खूश, रंगाची वाट लागली."

ही जाळी काढायला कोणतं पॉलिश लावायचं, हे ठरवण्यात त्याचा अर्धा दिवस जाई. त्याच्या फळीवर तीन डबे असत. एकात तांबडी, दाताखाली कचकच वाजेल अशी भरड पेस्ट; तिला गॅरेजात रबिंग म्हणत. दुसऱ्यात तिच्याहून मऊ, आणि तिसऱ्यात लोण्यासारखं पांढरं पॉलिश. इतर कारागीर सरळ रबिंगला हात घालायचे. जयराम पांढऱ्यापासून सुरुवात करी. मागच्या दारावर, खाली, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी तो वीतभर तुकडा निवडायचा, फलालीनच्या तुकड्याने हलक्या हाताने पॉलिश फिरवायचा, आणि मग तो तुकडा साबणाच्या पाण्याने धुऊन टाकायचा. धुतो कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पॉलिशात तेल असतं. ते ओरखड्यात जाऊन बसतं आणि जाळी गेली असं वाटतं. धुतल्यावर खरं काय ते कळतं." त्यानंतर चार वाजेपर्यंत थांबायचं. चारचं तिरपं ऊन गॅरेजच्या दारातून आत आलं, की उकिडवा बसून तो त्या वीतभर जागेकडे बघत राही. जाळी तशीच असेल तर पांढरंच पुन्हा एकदा. तरी नाही गेली तर मधला डबा. आणि तांबडा अगदी नाइलाजाने. "ओरखडा पुसता येत नाही, मास्तर," तो म्हणायचा. "भोवतालचा रंग त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, एवढंच आपल्या हातात. खाली आणलेला रंग परत वर जात नाही." गॅरेजचे शेठ त्याच्या या सावकाशीवर चिडत, पण गाडी बाहेर पडली की गिऱ्हाईक त्याचंच नाव घ्यायचं. हलका हात, असं सगळे म्हणत.

मग विलायती माल येईनासा झाला. जुने डबे संपले आणि बाजारातून मिळेल तो डबा येऊ लागला. असाच एक तांबड्या रबिंगचा नवा डबा आला, त्याच्यासोबत इंग्रजी कागद होता. जयरामला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"काय म्हणतो तुझा साहेब?"

"म्हणतो, एकदाच फिरवा, सगळे ओरखडे जातील."

"कुठल्या मोटारीवर?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग पत्र घाल त्याला आणि विचार!" असं म्हणून तो हसला आणि डबा फळीवर मागे सरकवून ठेवला.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतकी वर्षं ते मी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांच्या मुलीचं लग्न तीन दिवसांवर आलं होतं. वरात त्याच काळ्या मोटारीतून निघायची होती, म्हणून ती पुन्हा जयरामकडे आली. त्याने दोन दिवस खपून दोन्ही बाजू आणि मागचा भाग आरशासारखा केला. राहिलं होतं बॉनेट. त्याच्यावर पांढरं दोनदा फिरवून झालं होतं, जाळी पुष्कळ कमी झाली होती, पण होती. "उद्या तिसऱ्यांदा हलकंच मारू," तो म्हणाला. तेवढ्यात शेठनी त्याला कुर्ल्याला एक बस बघायला बरोबर नेलं. जाताना तो मला म्हणाला, "बस इथे. कशाला हात लावू नकोस. तुझा राजा मार."

मी तासभर वाचत बसलो. मग चारचं ऊन आलं आणि बॉनेटवरची जाळी मला दिसू लागली. जयराम दोन दिवस धड जेवला नव्हता. त्याचं काम आपण हलकं करावं, असं मला वाटलं. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तो कागद मी वाचला होता. छापलेलं होतं, इंग्रजीत होतं, आणि ज्याला ते वाचता येत नव्हतं तो माणूस ते हसण्यावारी नेत होता, हे मला आत कुठे तरी बोचलं होतं. मी फळीवरचा तांबडा डबा काढला, फलालीनचा तुकडा घेतला आणि बॉनेटवर फिरवू लागलो. जाळी खरंच जात होती. मला फार आनंद झाला. म्हणून मी बॉनेटच्या मधोमध जो उंच कणा असतो त्याच्यावरही जोर देऊन घासलं. कडेला आणि उंचवट्यावर रंग पातळ असतो, हे जयरामने मला दहादा सांगितलेलं होतं. फडकं उचललं तेव्हा त्या काळ्या रंगात बोटभर लांबीची करडी रेघ उघडी पडली होती. रंगाखालचं अस्तर.

दोघे परत आले तेव्हा मी तिथेच उभा होतो. जयरामने आधी बॉनेट पाहिलं, मग उघडा डबा, मग मला. शेठ ओरडायच्या आत तो म्हणाला, "शेठ, माझा हात जड पडला. निघण्याआधी घाईत झालं." मी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. नखांत तांबडी पेस्ट होती.

घरी जाताना रस्त्यात मी जयरामला म्हटलं, "मी उद्या शेठना सांगतो."

"नको. काही सांगू नकोस. बाहेरच्या माणसाने गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावला म्हणून तो वेगळा तमाशा करेल. मास्तर आहेस, गप बस."

मी गप्प बसलो. आणि त्याने गप्प बसायला सांगितलं याचं मला हायसं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

वरात दुसऱ्या कुणाच्या मोटारीतून निघाली. ज्याने हे केलं त्याच्या हाती पुन्हा माझी गाडी द्यायची नाही, असा डॉक्टरांनी निरोप धाडला. शेठनी जयरामला पॉलिशवरून काढून जुना रंग खरवडायच्या कामावर बसवलं. तोंडाला फडकं बांधून तो दिवसभर कोरडा रंग घासत असे. संध्याकाळी त्याच्या भुवयांवर धूळ असायची. पॉलिशचं काम त्याच्या हाताखाली शिकलेल्यांकडे गेलं. नवीन कुणाचा हात जड पडला की ते थट्टेने म्हणत, "परब झाला रे तुझा!" मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. त्यानंतर मी रविवारी गॅरेजवर जाणं कमी केलं, त्याच्या घरी जाऊ लागलो. सहा वर्षं अशी गेली. मग त्याला खोकला लागला. धुळीनेच झालं असं सांगता येत नाही, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. नाही असंही ते म्हणाले नाहीत.

शेवटचा भेटलो तो जाण्याच्या आठ दिवस आधी. भिंतीला उशी लावून तो बसला होता. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, तर लगेच म्हणाला, "कोरडा नको पुसूस रे, आधी धू." मी उठून चष्मा धुऊन आणला. त्याने एकदम विचारलं, "ती काळी मोटार आठवते तुला?"

"आठवते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघत होतो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चांगली होती गाडी..." आणि डोळे मिटून घेतले.

इथवर लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, हे मी त्याच्या पत्नीला वाचून दाखवावं असं ठरवलं. वहिनींना यातलं काही माहीत नसणार, अशी माझी समजूत होती. मी वाचत होतो आणि त्या तांदूळ निवडत होत्या. बॉनेटची हकीगत आली तरी त्यांचा हात थांबला नाही. एका वाक्यावर मात्र थांबला. जयरामने माझ्यावर कधी राग धरला नाही, असं मी लिहिलं होतं.

"ते काढा, भावजी."

"वहिनी, तुम्हाला हे..."

"पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला. राग होता त्यांना. खूप होता. तुम्ही येऊन गेलात की मला विचारायचे, काही बोलला का गं तो? म्हणजे शेठकडे जातो असं काही. मी म्हणायची, नाही."

"पण त्यानेच मला सांगू नकोस म्हटलं होतं."

"ते नकोच म्हणणार ना! तुम्ही ऐकलंत कशाला?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. "आता तरी जाणार ना शेठकडे? मला बरोबर न्या. मला ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. शेठ खुर्चीवर होते. चार-पाच कारागीर एका निळ्या मोटारीभोवती काम करत होते. वहिनींना बघून सगळे उभे राहिले. मी सांगितलं. पाठ केल्यासारखं सांगितलं, मध्ये न थांबता, कारण थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. शेठ म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, आता काय त्याचं? माणूस गेला. बसा, चहा घ्या." वहिनी बसल्या नाहीत. त्या कारागिरांकडे वळल्या.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?"

त्यांतला एक, ज्याला मी 'परब झाला' म्हणताना ऐकलं होतं, हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाला, "ऐकलं, वहिनी."

परत येताना त्या पुढे आणि मी चार पावलं मागे चालत होतो. खोलीत आल्यावर त्यांनी दिवा लावला. दारामागच्या खुंटीवर जयरामचा कामाचा सदरा आहे, बाह्या दुमडलेला, त्या दुमडीत रंगाची धूळ तशीच साचलेली. पाच आठवडे त्यांनी त्याला हात लावलेला नव्हता. आज त्यांनी तो खाली काढला, बाह्या सरळ केल्या, थोडा वेळ दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. धुवायला टाकतील असं मला वाटलं. त्यांनी तो पुन्हा खुंटीला लावला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही या आता, भावजी."