साडूंचा समुद्र

जागेवरून न हलता सर्वांत जास्त प्रवास केलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. बऱ्हाणपुरात इतवारा पेठेत त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाने लुगड्याचा पदर उलगडायच्या आत ते आपला पुढचा प्रवास उलगडत. त्यांचा सिद्धांत असा : "साडूभाऊ, चार लोकांत बोललं ना, की माणूस बांधला जातो. मग जावंच लागतं." नुसत्या बोलण्यावर न भागवता ते काहीतरी सोडतही. काशी पाहीपर्यंत भरीत बंद. समुद्र पाहीपर्यंत माव्याची जिलेबी बंद. जिलेबीवाला त्यांना येता-जाता हटकायचा, "क्यों सेठ, हो आए समंदर?" साडू छातीवर हात ठेवून म्हणायचे, "बस, इस बार पक्का."

यात माझा जळफळाट व्हायचं कारण काय, तर सासुरवाडी दोघांची एकच, आणि तीही गावातच. तिथे साडूंसाठी भरताऐवजी शेवभाजी आणि जिलेबीऐवजी बासुंदी व्हायची. मी बासुंदीकडे नुसतं पाहिलं तरी सासूबाई म्हणत, "तुम्हाला काय, तुम्ही सगळंच खाता." तेव्हा मध्यप्रदेश नवानवा झाला होता. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती आणि कचेरीचे कागद बगलेत मारून मला सारखं भोपाळला पळावं लागे. खरी गाडी, खरा धूर, खरी कंबरदुखी. पण मी परत आलो की सासरे उत्साहाने विचारत, "थोरले जावई यंदा रामेश्वरला जाणार म्हणे, ऐकलं का?"

एकदा हे गृहस्थ असीरगढ चढायला निघाले, अर्थात गावभर सांगून. पायथ्याच्या गावात उतरले आणि आपण गड चढणार आहोत हे तिथल्या पारावर सांगू लागले. लोकांनी चहा पाजला, वाट समजावली, या वयात केवढी हिंमत म्हणून वाखाणणी केली. ऊन उतरेपर्यंत साडू इतके तृप्त झाले की गड चढायचं काही कारणच उरलं नाही. तिथून थेट सासुरवाडीला आले आणि गरम पाण्यात पाय सोडून बसले. ते पाणी तापवायला मला पाठवलं होतं.

आक्का या सगळ्यात कधी बोलत नसत. फक्त एकदा कढी वाढता वाढता मला हळूच म्हणाल्या, "मुंबईची दोन तिकिटं काढून द्याल का? यांच्या तोंडून समुद्र ऐकून ऐकून कान किटले. मला तो डोळ्यांनी बघायचाय." मुंबई आम्हाला एका रात्रीवर. मी तिकिटं आणली आणि आक्कांनी ती कनवटीला लावली. साडूंनी मात्र बातमी अशी फिरवली की स्टेशनावर अर्धा इतवारा लोटला. हार, नारळ, लाडवांचे डबे. आक्का डब्यात जाऊन बसल्या. साडू एक पाय उचलणार, एवढ्यात ज्यांना ही बातमी कळली नव्हती असे एक ओळखीचे गृहस्थ दिसले. साडूंनी त्यांना अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. ते समुद्रापर्यंत पोचले तेव्हा गाडी सुटलेली होती, आक्कांना घेऊन.

आक्का भुसावळला उतरून परत येतील असं सगळे धरून चालले होते. त्या उतरल्या नाहीत. दादरला त्यांचे मामेभाऊ होते, त्यांची तार आली : पोचली, सुखरूप, समुद्र पाहिला. चार दिवसांनी आक्का परतल्या, पिशवी ठेवली आणि पोळ्यांना लागल्या. सगळी आळी ऐकायला जमली, पण त्या काही सांगेनात. तेव्हा मी प्रथमच साडूंना जळताना पाहिलं, आणि काय सांगू, त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

"लाटा केवढ्या असतात गं?" साडूंनी विचारलं.

"असतात."

"अगं, माणसाएवढ्या की घराएवढ्या?"

"माझ्याबरोबर येऊन बघा."

त्यानंतर साडू गप्प झाले. दुकानात नुसती लुगडी दाखवू लागले. जिलेबीवाल्याने हटकलं तर मान खाली घालून पुढे जात. माझी बायको म्हणाली, "दाजींची तब्येत काही बरी दिसत नाही."

पुढे एका संध्याकाळी मी भोपाळहून येऊन बऱ्हाणपूरला उतरलो, तर त्याच गाडीत शेजारच्या डब्यात साडू चढत होते. डोक्यावरून उपरणं ओढलेलं. ना हार, ना माणसं. आक्का आधीच आत होत्या आणि त्यांनी साडूंचं मनगट घट्ट धरलं होतं. मला पाहून साडू चपापले. तोंड उघडलं, आक्कांकडे पाहिलं, मिटलं. मग नव्या नवरदेवासारखे लाजून हसले. एवढं गुपित त्या दोघांत, आणि ते सांभाळताना दोघांचेही चेहरे उजळलेले. गाडी हलली. बासुंदीवर मी जळलो होतो, पण इतका नाही.

घरी आलो. बायको ताट वाढत होती. स्टेशनावर कोण दिसलं ते मी सांगितलं नाही. तिला विचारलं, "तुला कुठे जावंसं वाटतं का गं?"

"आज काय झालंय तुम्हाला?" ती म्हणाली. मग तिने आधी दाराकडे पाहिलं, आत मुलं झोपल्याची खात्री केली आणि माझ्या कानाशी येऊन एका गावाचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.