टिटवी किती पावलांवर

भोंगा बांधताना माझी चूक झाली ती एवढीच, की तो मी आमच्या घरापासून दीडशे पावलांवर बांधला. म्हणजे बांधापलीकडे राहणाऱ्या मावशींच्या उंबऱ्यापासून वीस पावलांवर.

ओतूरच्या बाहेर आमची वस्ती, पाठीमागे ऊस, आणि उसात बिबट्या. गोठ्यात नवं वासरू होतं. म्हणून बांधावरच्या शेवग्याला मी भोंगा टांगला, खाली एक फोकस लावला. भोंग्यात वाजवायला आवाज माझाच. वर्गावर पंचवीस वर्षं तापवलेल्या गळ्यातून "हाड! हाड! हाड!" असं रेकॉर्ड केलं. दिवस मावळला की ते सुरू व्हायचं. आमच्या ओट्यावर ते मंद, लयीत ऐकू यायचं. बायको म्हणाली, "लांबून बरा वाटतो हो तुमचा आवाज." मी ती स्तुती समजलो.

तिसऱ्या दिवशी मावशी बांधावर आल्या. त्यांची बोलायची पद्धत तुम्ही पाहायला हवी होती. हातातली काठी आडवी, सरळ समोर धरायची. काठीच्या अलीकडे माणसाने यायचं नाही. भाजीवाला असो, सरपंच असो की सख्खा पुतण्या, सगळ्यांना एकच वाक्य, "लांब व्हा. तिथून बोला."

"मास्तर, म्हाताऱ्या बाईला सांजच्यापासून हाड हाड करताय, लाज वाटती का?"

"मावशी, ते बिबट्याला आहे."

"बिबट्या काय माझ्या चुलीपाशी बसलाय? आन त्यो दिवा! डोळ्याम्होरं दिवा असल्यावर उसाच्या कडंचं काय दिसतंय मला? काळं ठिक्कर!"

"उलट उजेड आहे म्हणून तो येणार नाही."

"त्याला सांगितलंय का तुमी तसं?"

मी हसलो. त्यांनी काठी माझ्या छातीला टेकवली. "दात काय दाखवताय? लांब व्हा."

मावशी एकट्या होत्या आणि त्यांच्या तीन शेळ्या होत्या. दार उघडं टाकून, दिवा न लावता त्या उंबऱ्यात बसायच्या. मला तो अडाणीपणा वाटायचा. म्हातारी विजेला भिते, असं मी शाळेत चहा पिताना सांगितलंही होतं. लोक हसले होते. त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं की उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं तर आवाज चौथाई होतो, उजेडही चौथाई होतो. अक्षर माझं सुरेख आहे.

पुढच्या सोमवारी बिबट्याने त्यांची कबरी शेळी नेली. दिवेलागणीला, मावशी दारात बसलेल्या असताना, घराच्या मागच्या अंगाने. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतो. आम्हाला फक्त "हाड हाड" ऐकू आलं.

सकाळी त्या आमच्या फाटकाशी आल्या. काठी नव्हती. कबरीच्या गळ्यातली घंटा मूठ वळून धरलेली. ती त्यांनी माझ्या तोंडासमोर हलवली.

"ही वाजली आसंल का न्हाई, मास्तर? बिबट्या बघून वड्याकडली टिटवी वरडली आसंल का न्हाई? माझ्या कानात तर तुमीच व्हता."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण मी मास्तर. दुपारीच शिडी घेतली, भोंगा पुढच्या बाभळीवर नेला आणि मावशींच्या दाराशी जाऊन सांगितलं, "विसाची चाळीस पावलं केलीत. आता आवाज चौथाईच येईल."

"चौथाई," त्या म्हणाल्या. "आन टिटवी किती पावलांवर हाय, ती मोजली का?"

"टिटवी?"

"मोजा की. शिकल्यालं हाय ना तुमी? का घरच्यापुरतंच मोजता येतं? आन मोजल्यावर सांगाया येऊ नका."

मी मोजली. त्यांच्या उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत दोनशे पावलं भरली, चालताना पायात काटे मोडले. घरी येऊन एका उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे हिशेब मांडला. वीस पावलांवर टिटवी जेवढी ऐकू येईल, त्याचा शंभरावा हिस्सा त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो. शंभरावा. ही बाई एवढ्याशा आवाजावर इतकी वर्षं शेळ्या राखत होती, आणि तेवढा ऐकू यावा म्हणूनच सगळ्यांना लांब ठेवत होती. मी तिच्या कानाशी माझा गळा टांगला होता.

त्याच संध्याकाळी भोंगा उतरवला, फोकसही. तुम्हाला वाटेल, मग मावशी निवळल्या. छे. बांधावर दिसल्या की तोंड फिरवायच्या. बायकोने पोळ्यांचा डबा पाठवला, तो शेळ्यांपुढे रिकामा करून, घासून, आमच्या फाटकाला अडकवला. मी एकदा "चुकलं माझं" म्हणायला गेलो तर काठी वर आली.

"लांब व्हा."

"मावशी, ऐकून तर घ्या."

"लई ऐकलं तुमचं."

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. पुतण्याने शेळ्या नेल्या, दाराला कुलूप लागलं. काठी मात्र तिथेच, उंबऱ्याशी आडवी पडलेली आहे. ती ओलांडून जायला मला अजून धीर होत नाही.

आता दिवस मावळला की आम्हीही ओट्यावरचा दिवा घालवून बसतो. हळूहळू उसाची कड दिसायला लागते, खरंच दिसते. परवा असाच बसून मी बायकोला हे सगळं पुन्हा सांगत होतो. दोनशे पावलं, शंभरावा हिस्सा, त्या बाईचे कान. सांगता सांगता थबकलो. ओढ्याकडून बारीकसा आवाज आला.

"ऐकलंस?" मी उठलोच. "टिटवी! वासरू आत घ्यायला हवं."

"ती मघापासून ओरडतेय," बायको म्हणाली. "वासरू मी केव्हाच आत बांधून आले. तुम्ही बोलत होता."