सिस्टरांना न मिळालेली रजा

माझ्या नाकावर राग असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तोच राग घेऊन मी लष्कराच्या छावणीच्या बाजूच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. पोलीस ॲक्शनला तेव्हा काही वर्षं झाली होती. माझं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून सुरू झालेलं, त्यामुळे फळ्यावर मराठीत गुणाकार करताना ओठांत पाढा उर्दूतलाच चालायचा. मुली खुदूखुदू हसायच्या आणि मी डस्टर आपटायचे.

शेजारच्या वर्गावर भूमिती शिकवायला एक सिस्टर होत्या. वसईकडच्या, चाळिशीच्या, सावकाश शिकवणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. एकदा शिकवलेलं प्रमेय त्या पुन्हा शिकवत नसत. "नीट ऐका, दुसऱ्यांदा सांगणार नाही," म्हणायच्या, आणि खरंच सांगत नसत. ज्या मुलीला कळलं नसेल तिनं ते मैत्रिणीकडून समजून घ्यायचं. मी त्यांना चिडवायचे, "सिस्टर, तुमचा त्रिकोण पुरा होईस्तोवर माझ्या पोरींची लग्नं होतील." त्या हसायच्या. मधल्या सुट्टीत मी डबा खायचे तेव्हा त्या समोर येऊन बसत. माझ्याबरोबर घासभर खाणंही त्यांना चालत नसे. सिस्टरांनी बाहेरच्या माणसांत जेवायचं नाही, असा त्यांच्या मठाचा नियम होता. मग मी माझी भाकरी खायची आणि त्यांनी आपल्या आईच्या हातच्या माशाच्या कालवणाचं वर्णन करायचं. समुद्रापासून लांबच्या पाचोडच्या मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, आठवडाभर माझी नववी घ्याल का?" त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, आता ती उठायची नाही असं घरून कळलं होतं. सिस्टर झाल्यापासून त्या घरी गेलेल्या नव्हत्या. एकदा मठात आलं की माघारी जायचं नाही, आईबापाच्या मरणालासुद्धा नाही, असंच तेव्हा होतं. पण कुणाला तरी कुठंतरी परवानगी मिळाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून आमच्या मुख्याध्यापिका असलेल्या मदरनी वरच्यांना विचारलं होतं.

"घ्याल का म्हणून काय विचारता, आजपासून घेते," मी म्हणाले आणि लगेच वेळापत्रकाची उलथापालथ करून टाकली.

उत्तर येईपर्यंत सिस्टरांचा जीव टांगणीला लागला होता. मनमाडला गाडी बदलताना किती थांबावं लागतं, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. एकट्या बाईला फलाटावर बसू देतात का, हेही विचारलं. मी थट्टा केली नाही. एरवी मी सोडलं नसतं.

उत्तर नकाराचं आलं. "नाही म्हणाले. नववी माझ्याकडंच राहू द्या," एवढंच त्या बोलल्या आणि वर्गावर गेल्या.

माझा पारा चढला. मी तडक मदरच्या खोलीत गेले. मदर म्हाताऱ्या होत्या, परदेशातून आलेल्या. मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हा कसला नियम? तुमच्या देवालासुद्धा आई होती ना?" आता नोकरी जाणार, अशी माझी खात्री होती. पण मदर रागावल्या नाहीत. माझीही आई अशीच गेली, त्या म्हणाल्या, तिला पुरल्यानंतर कितीतरी दिवसांनी मला कळलं. मग जाताना दार लावून घ्या म्हणाल्या. मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले. कुणावर रागवावं तेच मला कळेना.

काही दिवसांनी सकाळच्या प्रार्थनेला मदरनी सांगितलं की सिस्टरांच्या आई गेल्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. सिस्टर नेहमीच्या जागी ताठ उभ्या होत्या. प्रार्थना झाल्यावर नेहमीसारख्या तास घ्यायला गेल्या. मधल्या सुट्टीत नववीच्या दोघी माझ्याकडं आल्या.

"टीचर, सिस्टरांनी आज एकच प्रमेय दोनदा शिकवलं. पहिल्यापासून."

"मग तुम्ही काय केलं?"

"आम्ही पण दोनदा लिहिलं."

वर्गातली एकही मुलगी बोलली नव्हती. वर्षभर ज्यांना मी गधड्या म्हणत आले त्या पोरींना त्या दिवशी पोटाशी धरावंसं वाटलं.

सिस्टर नंतर आईबद्दल बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत समोर बसायच्या, पण माशांचा विषय बंद झाला. मला आमचं ते बसणं नकोसं व्हायचं आणि चुकवावंसंही वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी सहामाहीच्या पेपराच्या दिवशी माझा धाकटा भाऊ पाचोडहून शाळेत आला. "आक्का, आईचं काय खरं नाय," तो म्हणाला. "तुझंच नाव घ्यायलीय. चल लवकर." हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता, तो कुठं ठेवावा हेही सुचेना. सिस्टर शेजारच्या वर्गातून बाहेर आल्या आणि त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला.

"मदरना विचारून येते," मी म्हणाले.

"मी सांगेन त्यांना. विचारायला थांबू नका. एसटी गाठा."

आई मला भेटली. संध्याकाळपर्यंत होती.

तेरावं उरकून मी परत आले तेव्हा सगळ्यांनी दोन शब्द बोलून घेतले. शाळा सुटल्यावर, मुली गेल्यावर सिस्टर माझ्या वर्गात आल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या.

"ओळखलं त्यांनी?"

"ओळखलं. जेवून आलीस का, म्हणाली."

"तुम्ही जवळ होता?"

"हात धरून बसले होते."

"गरम होता हात?"

"शेवटपर्यंत गरम होता, सिस्टर."

इतक्या वर्षांत आमचा एकमेकींना कधी स्पर्श झाला नव्हता. तोही त्यांना चालत नसावा.

"कोणत्या हातानं धरला होता?"

मी उजवा हात पुढं केला. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि आई, आई म्हणत त्या रडायला लागल्या.