बाटलीवरचा नंबर

“तुझ्यासारख्यांना मी चांगला ओळखतो,” एवढं बोलून मिस्टर वॉल्शनी फोन आपटला.

मी फक्त त्यांची जन्मतारीख विचारली होती.

मी मिलिंद, मूळचा नागपूरचा. अमेरिकेत श्रूजबरी गावातल्या एका फार्मसीत फार्मसिस्ट आहे. डॉक्टर औषध लिहून देतो, पण ते पेशंटच्या पोटात जाण्याआधी शेवटची नजर आमची असते. दोन औषधं एकमेकांशी भांडणार असतील तर ते भांडण बाटलीतच थांबवायचं, हे आमचं काम.

वॉल्श आमच्याकडे नवे होते. त्या सकाळी ड्राइव्ह-थ्रूला, म्हणजे गाडीतूनच औषध घ्यायच्या खिडकीवर, येऊन ते एक अँटिबायोटिक घेऊन गेले. आणखी काही औषध चालू आहे का, असं मी विचारलं होतं. ‘काही नाही’ म्हणाले. दुपारी त्यांच्या मुलीने त्यांची सगळी जुनी औषधं दुसऱ्या फार्मसीतून आमच्याकडे ट्रान्सफर केली आणि माझ्या स्क्रीनवर लाल अलर्ट आला. म्हातारबाबा ब्लड थिनर घेत होते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते पातळ ठेवणारी ही गोळी. तिच्या जोडीला सकाळचं अँटिबायोटिक गेलं की रक्त नको इतकं पातळ होतं. मग बाथरूममध्ये साधं घसरायचं निमित्तही जिवावर बेतू शकतं.

मी लगेच डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला. त्यांनी औषध बदललं, रक्त तपासायला या असा निरोप दिला. आता वॉल्शनी संध्याकाळची गोळी घ्यायच्या आत त्यांना गाठायचं होतं.

पण आमचा एक नियम आहे. समोरचा माणूस तोच आहे याची खात्री झाल्याशिवाय औषधाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. म्हणून पहिला प्रश्न जन्मतारीख. फोनवरून फसवणारे स्कॅमरही नेमका तोच विचारतात. त्यात मी नागपूरच्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीत ‘सर, काइंडली कन्फर्म करा’ म्हणालो. अमेरिकेत आता ‘सर’ आणि ‘काइंडली’ एका दमात ऐकलं की लोक आधी बँकेचं कार्ड लपवतात.

मी त्यांच्या मुलीला फोन लावला, तो लागेना. आमची स्टोअर मॅनेजर लिंडा हे सगळं ऐकत होती.

“मेगनला करू दे फोन,” ती म्हणाली. मेगन आमची टेक्निशियन, म्हणजे फार्मसिस्टची मदतनीस, याच गावात वाढलेली. “किंवा तू मायकल आहेस असं सांग. पाच मिनिटांचं तर काम.”

“लिंडा, माझं नाव मिलिंद आहे. वडिलांनी विचार करून ठेवलंय. आणि खोटं नाव सांगून फोन करायला लागलो तर वॉल्श म्हणतात ते खरंच होईल ना?”

मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. इतकी वर्षं लायसन्स भिंतीवर टांगलंय, आणि फोनवर दोन वाक्यं बोललो की मी चोर. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच. पण रुसून बसायला तेव्हा सवड नव्हती. मी मेगनला म्हटलं, तू लाव. औषधाचा सल्ला द्यायची परवानगी फार्मसिस्टलाच असते, म्हणून तिने फक्त त्यांना बोलतं करायचं आणि फोन माझ्याकडे द्यायचा.

वॉल्श तिच्याशी गोड बोलले. मग मी “हॅलो” म्हणालो.

“पुन्हा तू! आता पोरगीही ठेवलीस का हाताखाली? माझ्या बहिणीला अशाच आवाजाने लुबाडलंय. आणि स्क्रीनवर फार्मसीचा नंबर दिसतोय हे सांगू नकोस. तुम्ही तोही खोटा दाखवता, मला माहीत आहे.”

फोन बंद. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, माणूस चुकीचा धरला होता.

“पोलिसांना पाठवू या का घरी, निरोप द्यायला?” लिंडाने विचारलं.

“अजून एकदा करतो. नाहीच ऐकलं तर पाठव.”

या वेळी ‘सर’ नाही, ‘काइंडली’ नाही. त्यांना तोंड उघडूच दिलं नाही.

“मला काही सांगू नका. जन्मतारीखही नको. माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. सकाळी आणलेली बाटली घ्या. त्यावर फार्मसीचा नंबर छापलाय. तो तुम्ही स्वतः फिरवा. तोपर्यंत गोळी घेऊ नका.”

आणि फोन मीच ठेवला. त्या दिवसातलं ते पहिलं समाधान.

आम्ही तिघं फोनकडे बघत राहिलो. तो वाजला. मेगनने हात पुढे केला, पण मीच उचलला. “फार्मसी. फार्मसिस्ट बोलतोय.”

पलीकडून आवाज आला, “अरे देवा. तूच आहेस.”

“मीच आहे, मिस्टर वॉल्श.”

“थांब. आता प्रश्न मी विचारणार. सकाळी माझ्या गाडीत कोण होतं?”

“मागच्या सीटवर काळा कुत्रा. मी खिडकीतून बिस्किट दिलं, त्याने तोंड फिरवलं.” कुत्र्यांसाठी आम्ही खिडकीपाशी बिस्किटांचा डबा ठेवतो.

“अनोळखी माणसाकडून तो काही घेत नाही,” वॉल्श हळूच म्हणाले. मग मुकाट्याने जन्मतारीख सांगितली. एक गोळी सकाळीच पोटात गेली होती, दुसरी टेबलावर पाण्याच्या ग्लासाशेजारी काढून ठेवलेली होती. ती त्यांनी माझ्याशी बोलता बोलता परत बाटलीत टाकली. ब्लड थिनरचं आधी का सांगितलं नाही, म्हणून मी विचारलं. म्हणाले, “ते रोजचंच आहे. त्याला काय औषध म्हणायचं?” आमच्या नागपुरातले काकाही हेच म्हणतात.

रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. नवं औषध न्यायला वॉल्श गाडीतून उतरून थेट काउंटरवर आले. माझा बॅज वाचला. म्हणाले, “बोलायची पद्धत बदल. तू त्या लोकांसारखा बोलतोस.”

“मी त्यांच्याआधीपासून असाच बोलतो. ते माझ्यासारखं बोलतात.”

ते हसले. सॉरी म्हणाले नाहीत, मीही वाट पाहिली नाही.

लिंडाने आता स्टोअरमध्ये सगळ्यांनाच ती पद्धत लावली आहे. पेशंटला शंका आली तर आधी ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाटलीवरचा नंबर फिरवा’ असं सांगायचं. मेगनलाही तसंच म्हणावं लागतं. ‘विश्वास ठेवा’ म्हणत बसलो असतो तर मी अजून फोनवरच असतो.

वॉल्श आता दर महिन्याला फोन करतात आणि मेगनला विचारतात, “माझा स्कॅमर आहे का आज?”

हे घरी सांगितलं तर बायको भडकली. “स्कॅमर म्हणतो आणि तू हसतोस? राग नाही येत का रे?”

“येतो की. पण आता मी फोन केला ना, तर तो पहिल्या रिंगला उचलतो.”